मुतारीवर सही कुणाची?

(भाईंदर पूर्वेला युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझ्या नावापुढं 'कवी' छापलंय. कवी आहे तो मी रात्रीचा. दिवसा गोदीत असतो, कंत्राटदाराच्या टोळीत. शिक्षण दहावी पास, जुन्या भाषेत मॅट्रिक. तेव्हा 'आजच्या कलेचे प्रकार' हा विषय ह्याला कुणी दिला, असं वाटून पुढच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. हसा. पण ह्या विषयाला जो माल लागतो तो आपल्याकडं बक्कळ आहे. लोखंड, पत्रा, माती, शेण, चिंधी, भंगार, घाम. आजची कला ह्याच्यातनंच बनते. फक्त ती बनून तयार झाली, की आपण तिथं नसतो.

विषय आजच का घेतला तेही सांगतो. आपल्या वस्तीच्या नाल्याकडची भिंत १४ एप्रिलला रंगवायची ठरलीय. एक म्हणतो, फ्लेक्स लावा. वर पुढाऱ्याचा मोठा फोटो, खाली आपली पासपोर्ट साइजची तीस तोंडं. दुसरा म्हणतो, पेंटर बोलवा, घाऊक भावात उरकेल. मी म्हणतो, थांबा. भिंतीवर, फरशीवर, पडद्यावर, स्वतःच्या अंगावर लोक आज काय काय करतायत ते आधी बघू. मग भिंतीचं ठरवू. भिंत एकच आहे. ती वाया गेली तर वर्ष वाया गेलं.

आता पहिला घोळ मिटवू. 'आधुनिक' कला नि 'समकालीन' कला. पुस्तकात दोन्हीचे शंभर अर्थ सापडतील. आपल्यापुरता एक धरा. आधुनिक कलेनं विचारलं, चित्र कसं काढायचं? गाढव निळं काढू का, माणूस चौकोनी काढू का? समकालीन कलेनं विचारलं, चित्रच कशाला पायजे? वस्तू ठेवली तर? माणूस उभा केला तर? आवाज ऐकवला, वास दिला, नुसतं वाक्य लिहिलं तर? साठाच्या दशकानंतर हे जगभर पसरलं. पण ठिणगी आधीची आहे, नि ती पडली मुतारीतनं.

१९१७ साल. न्यूयॉर्क शहर. मार्सेल द्युशां नावाच्या फ्रेंच माणसानं दुकानातली चिनी मातीची एक मुतारी घेतली. आडवी ठेवली. तिच्यावर 'आर. मट' अशी खोट्या नावाची सही ठोकली, साल घातलं नि एका प्रदर्शनाला पाठवून दिली. त्या प्रदर्शनाचा नियम असा, की जो फी भरेल त्याचं काम लागणार. तरी मुतारी लागली नाही. बोंबाबोंब झाली. द्युशांचा मुद्दा साधा होता. कलावंतानं वस्तू हातानं बनवलीच पायजे असं नाही. तो निवडतो, जागा बदलतो, नाव देतो, आणि त्यातनं नवा विचार उभा राहतो. मूळ मुतारी पुढं हरवली. १९६४ साली तिच्या नकला करवून घेतल्या, त्या आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. संकल्पनेची कला म्हणतात ती इथनं सुरू झाली. म्हंजे वस्तूपेक्षा विचार मोठा.

शाब्बास. विचार मोठा, कबूल. पण मी गोदीतला माणूस आहे. माल उतरवताना कागद बघायची सवय आहे. माल कुठनं आला, कुणी भरला, कुणाच्या नावावर चाललाय. मी विचारतो, ती मुतारी मातीतनं घडवली कुणी? भट्टीत भाजली कुणी? न्यूयॉर्कच्या हजार इमारतींत तसल्या मुताऱ्या बसवल्या कुणी, नि रोज सकाळी ॲसिड ओतून घासल्या कुणी? सही मात्र एकट्याची. आपल्या कित्येक घरांतली माणसं आयुष्यभर मुताऱ्या धुवत गेली. त्यांच्यातल्या कुणाची सही कुठल्या मुतारीवर आहे?

तेव्हा आज मी तुम्हाला तीन सवाल देतो. कुठलीही कला बघा, हे तीन विचारा. वस्तू कुणाच्या हातची? सही कुणाची? आणि बघायला आत कोण येऊ शकतं? गॅलरीतल्या भाषेची भीती वाटून घेऊ नका. हे तीन सवाल तुम्हाला रोज रेशन दुकानात विचारावेच लागतात.

आता एकेक प्रकार घेऊ.

पहिला, चित्र. ते मेलेलं नाही. १९४७ साली मुंबईत सहा तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे, गाडे. ह्यातले आरा घरगडी म्हणून राबलेले. हुसेन पंढरपूरला जन्मले, मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरत. म्हंजे आजच्या भाषेत फ्लेक्सवाले. त्या हुसेनांचं १९५४चं 'ग्राम यात्रा' हे चित्र मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. ते कित्येक वर्षं नॉर्वेतल्या एका इस्पितळात टांगलेलं होतं. आकडा ऐकून डोळे पांढरे करू नका. तो भाव बाजाराचा आहे, गावाच्या यात्रेचा नाही. यात्रेतला बैल, बाई, जातं, चूल ह्यांना त्यातली दमडी लागू नाही.

ठाण्याचे सुधीर पटवर्धन बघा. पेशानं एक्स-रेचे डॉक्टर. २००५पर्यंत दवाखाना केला नि सोबत चित्रं केली. 'इराणी रेस्टॉरंट' १९७७चं, 'लोअर परेल' २००१चं. लोकलमधली, पुलावरची, गिरणगावातली माणसं. गिरण्या जाताना नि टॉवर येताना मुंबईचा चेहरा कसा वाकडा झाला, ते त्यांच्या रंगात सापडतं. दिवसभर माणसाची हाडं बघणारा डॉक्टर संध्याकाळी माणूस काढतो. मी त्यांना मानतो. का? तर त्यांच्या चित्रातला कामगार बिचारा नाही. तो जागा व्यापून उभा आहे. बाहेरच्या माणसानं आपल्याला काढावं तर असं.

पण बाहेरच्यानं काढणं वेगळं नि आतनं येणं वेगळं. नागपूरचे सवी सावरकर. जन्म १९६१चा. ह्या माणसानं पेशवाईतला अस्पृश्य काढला. गळ्यात थुंकीचं मडकं, पाठीला खराटा. देवदासी काढली. रेघ अशी की अंगावर ओरखडा उठावा. त्यांनी छापचित्रं पुष्कळ केली. छापचित्राचा एक प्रकार म्हंजे धातूच्या पत्र्यावर ओरखडायचं, ॲसिडला ती रेघ खाऊ द्यायची, खाचेत शाई भरायची नि यंत्राखाली दाबून कागदावर उठवायचं. आपल्याकडं स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत राबणारी पोरं इथं बसलीत. पत्रा, ॲसिड, दाब ह्यातलं तुम्हाला कुणी शिकवायला नको. एका पत्र्यावरनं कितीतरी प्रती निघतात. म्हणून छापचित्र गरिबाला परवडतं. आपलं अनियतकालिक ह्याच जातीचं आहे, एकानं लिहावं नि शंभरांनी वाचावं.

विक्रोळीत वाढलेले विक्रांत भिसे आजचे. कामगार, मोर्चे, पँथरच्या काळातले कागद नि चेहरे त्यांच्या चित्रांत येतात. चळवळीचे फोटो आपण ट्रंकेत कोंडून वाळवीला दिले. हा माणूस ते कॅन्व्हासवर पुन्हा उभे करतो.

दुसरा प्रकार. मराठीत ह्याला मांडणशिल्प म्हणतात. इंग्रजीतनं आलेला शब्द इन्स्टॉलेशन. नाव जड, गोष्ट हलकी. शिल्प म्हंजे एक वस्तू, तुम्ही तिच्याभोवती फिरता. मांडणशिल्प म्हंजे अख्खी जागाच मांडलेली, तुम्ही तिच्या आतनं चालता. आपल्या आया लग्नाच्या घरात रुखवत मांडतात. मांडणी म्हंजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. फरक एवढाच, की इथं मांडणी सवाल विचारते.

१९९२-९३च्या दंगलीनंतर विवान सुंदरम ह्यांनी १९९३ साली 'मेमोरियल' केलं. मुंबईत रस्त्यावर पडलेल्या एका मेलेल्या माणसाचा फोटो पेपरात आला होता. त्या फोटोवर त्यांनी खिळे ठोकले, त्याला जणू मखरात, पेटीत ठेवलं, पत्र्याच्या ट्रंकांची कमान रचली. पत्र्याची ट्रंक! गावाकडनं मुंबईत येणाऱ्या कुठल्याही माणसाच्या डोक्यावरची. स्मारकं राजांची नि पुढाऱ्यांची असतात. इथं नाव नसलेल्या एका प्रेताला स्मारक मिळालं.

आता आपल्यातले. प्रभाकर कांबळे ह्यांच्या एका मालिकेचं नावच 'उतरंड'. मडक्यावर मडकं. बाबासाहेबांनी चातुर्वर्ण्याची चिरफाड केली, ती आपण पायऱ्यांची, उतरंडीची म्हणून ऐकत आलो. ह्या माणसानं ती उतरंड खरोखरच्या मडक्यांत उभी केली. समजावून सांगायला प्राध्यापक नको. कुंभाराच्या पोरालाही कळतं नि परदेशी माणसालाही. २०२२ साली बर्लिनच्या बिनालेत, म्हंजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या प्रदर्शनात, ही उतरंड गेली. जर्मनीतल्या माणसानं जात बघितली, मातीत.

पुण्याच्या राज्यश्री गुडी. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, हजारोंनी प्यायलं. मग सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं, १०८ घागरी पंचगव्य ओतून. माणसाच्या ओठानं पाणी बाटतं नि शेणामुतानं पवित्र होतं! गुडीबाईंनी ते पंचगव्यच घेतलं नि काचेच्या ग्लासांत मांडलं. कामाचं नाव मराठीत सांगायचं तर 'पाण्याची जात कोणती?' बस्स. भाषण नाही, घोषणा नाही. ग्लास समोर ठेवलाय, प्या म्हणावं. त्यांनी आणखी एक केलं. दलित आत्मकथनांतनं खाण्याचे उल्लेख वेचले नि त्यांच्या पाककृती लिहिल्या. पाककृतीचं पुस्तक म्हंजे पुरणपोळीचं, हे कुणी ठरवलं? आपल्या आज्यांनी उपाशी पोटाशी झगडून जे शिजवलं त्याला कृती नव्हती काय?

तिसरा प्रकार, अंगाची कला. परफॉर्मन्स. हे नाटक नव्हे. नाटकात माणूस दुसऱ्याचं सोंग घेतो. इथं स्वतःचंच अंग, स्वतःचाच वेळ, समोर साक्षीदार. रुमाना हुसेन ह्यांनी १९९५ साली मुंबईत एनसीपीएच्या आवारात 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स' केलं. पायात घुंगरू, हातात मधोमध कापलेली पपई, तोंड उघडं नि आवाज नाही. बाबरी पडल्यानंतरचा काळ, बाई मुसलमान. न फुटलेली किंकाळी लोकांनी नुसती बघितली.

आता दोन परदेशी कामं शेजारी शेजारी ठेवतो. ती नीट ऐका, कारण आपल्या भिंतीशी त्यांचा संबंध आहे.

एक न्यूयॉर्कची. मिअर्ल उकेलीस नावाची बाई. १९७९-८० साली ही बाई जवळजवळ वर्षभर शहरातल्या सफाई कामगारांना भेटत फिरली. साडेआठ हजार माणसं. प्रत्येकाशी हात मिळवला नि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. एवढंच. ह्या कामाच्या नावातच 'स्पर्श' हा शब्द आहे. अमेरिकेत ती मैत्रीची खूण झाली असेल. ज्या देशात आपल्या सावलीचा विटाळ धरला, तिथं साडेआठ हजार हस्तांदोलनांचा अर्थ किती होतो, हिशोब करा.

दुसरं स्पेनचं. सांतियागो सिएरा. २००० साल. व्यसनात अडकलेल्या, देह विकून जगणाऱ्या चार बायांना त्यानं नशेच्या एका डोसाइतके पैसे दिले नि चौघींच्या उघड्या पाठींवर एक सरळ रेघ गोंदवली. कामाच्या नावात रेघेची लांबी आहे, १६० सेंटिमीटर. बायांचा आकडा आहे, चार. त्यांची नावं नाहीत. त्याचं म्हणणं, बाजार माणसाला काय करतो ते मी दाखवलं. असेल. बाजार माणसाला काय करतो हे आम्हाला पगाराच्या दिवशी कळतं, त्यासाठी पाठ देऊन दाखवायची गरज नाही. पण सिएराला मी इथं मुद्दाम आणला. उद्या कुणी कॅमेरा घेऊन, डोळ्यांत पाणी घेऊन आपल्या नाल्यावर येईल. त्याला विचारा, तू उकेलीस का सिएरा? तू हात मिळवायला आलास का पाठ भाड्यानं घ्यायला?

आणि एक ठणकावून सांगतो. हल्ली काही शहाणे लिहितात, महाडचं पाणी पिणं, २५ डिसेंबर १९२७ला मनुस्मृती जाळणं, हे भारतातले पहिले परफॉर्मन्स. ऐकायला बरं वाटतं. माझी हरकत आहे. परफॉर्मन्स संपला की कलावंत घरी जाऊन चहा पितो. महाडला माणसांची डोकी फुटली, बहिष्कार सोसावे लागले. ती कला नव्हती, लढा होता. कलेनं त्याच्याकडनं शिकावं, त्याला आपल्या वहीत नोंदवून घेऊ नये. सत्यशोधकी जलसा, आंबेडकरी जलसा, अण्णाभाऊंचं लोकनाट्य, ही आपली अंगाची कला. ढोलकी, आवाज, चौक, नि समोर आपलीच माणसं. तिला कुठल्या गॅलरीचा शिक्का लागला नाही.

चौथा, फोटो नि फिल्म. सुधारक ओलवे ह्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. गटारात गळ्यापर्यंत बुडालेला माणूस, कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस, नि त्याच माणसाचं घर, बायकापोरं. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मोठी गोष्ट ती नाही. मोठी गोष्ट ही, की ते फोटो बघितल्यावर द्युशांच्या मुतारीकडं पहिल्यासारखं बघता येत नाही.

फिल्ममध्ये आनंद पटवर्धनांची 'जयभीम कॉम्रेड'. ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, दहा माणसं मेली. शाहीर विलास घोगरे ह्यांनी ते बघून गळफास घेतला. तिथनं सुरू झालेली फिल्म चौदा वर्षं चालली, तीन तासांवर लांब झाली. चाळीत, वस्तीत पडदे लावून दाखवली. म्हंजे तिसऱ्या सवालाला उत्तर दिलं. बघायला कोण येऊ शकतं? ज्यांची गोष्ट आहे ते.

आता माझी सगळ्यात आवडती सांगतो, गोदीतला म्हणून. मुंबईत 'कॅम्प' नावाचा कलावंतांचा गट आहे, २००७पासून. शायना आनंद, अशोक सुकुमारन वगैरे मंडळी. त्यांनी २०१३ साली एक फिल्म केली, 'फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ'. कच्छच्या आखातातली लाकडी जहाजं शारजाला, इराणच्या काठाला, सोमालियाला माल नेतात. त्यांच्यावरचे खलाशी मोबाईलवर शूटिंग करतात. बकऱ्या चढवल्या, गाड्या चढवल्या, वादळ आलं, कुणी नमाज पढलं, कुणी मासा तळला. वर स्वतःच्या आवडीची गाणी लावतात नि एकमेकांना पाठवतात. ती शूटिंगं एकत्र करून ही फिल्म झाली. कॅमेरा खलाशाच्या हातात! समुद्र किनाऱ्यावरनं दिसतो तसा नाही, पाठीला मालाची रग लागल्यावर दिसतो तसा. मोठ्या बंदरात आता कंटेनर आलेत. आतलं काही दिसत नाही. लोखंडी डबा उचलला, लोखंडी डबा ठेवला. गोणीत काय आहे ते हमालाला वासानं कळायचं, साखर, लवंग, खत. डब्याला वास नाही. ह्या फिल्मीत माल अजून दिसतो नि मालाखालचा माणूसही दिसतो.

इथं बसलेल्या पोरांच्या खिशात तोच मोबाईल आहे. दिवसाला दहा रील बनवता. गॉगल लावून दुसऱ्याच्या बाईकवर बसता. एक रील गाळ्यातल्या पाळीची बनवा. पॉलिशची धूळ नाकात जाते तिची. पहाटेच्या लोकलमध्ये दारात लटकून डब्याची पिशवी सांभाळता, तिची.

पाचवा नि शेवटचा, रस्त्यावरची कला. भिंत नि पुतळा. १८७५ सालच्या ससून डॉकमध्ये, कुलाब्याला, २०१७ साली नोव्हेंबर-डिसेंबरात मोठा कला प्रकल्प झाला. जुन्या गोदामांतनं चित्रं, मांडणशिल्पं. तिथल्याच माणसांचे मोठाले फोटो भिंतींवर. वासावरही एक काम होतं. सारं शहर नाकाला रुमाल लावून आलं नि रुमाल काढून गेलं. चांगलं झालं. मासळीचा वास हा विटाळ नाही, कष्ट आहे, एवढं दहा-वीस जणांना तरी कळलं असेल. पण पाहुणे गेल्यावर कोळंबी सोलणाऱ्या बायांची बोटं तशीच बर्फात. चित्र लागलं म्हणून मजुरी वाढत नाही. कलेकडनं तेवढी आशा धरू नका, नि मजुरीची लढाई चित्रावर सोपवू नका. चित्र डोळा उघडतं. दार आपल्याला उघडावं लागतं.

पुतळ्याचं म्हणाल तर दक्षिण मुंबईत काळा घोडा आहे. मूळ घोड्यावर इंग्लंडचा राजा बसला होता, एडवर्ड. १९६५ साली तो तिथनं हलवला, राणीबागेत नेला. २०१७ साली तिथं नवा काळा घोडा आला, पाठीवर कुणीच नाही. मला तो आवडतो. राजा उतरला. आणि आपल्याकडं गावागावांत निळ्या कोटातला, हातात संविधान, बोट पुढं केलेला पुतळा आहे. कधी सिमेंटचा, प्रमाण चुकलेला, चष्मा वाकडा. कला महाविद्यालयात त्याला कुणी मार्क देणार नाही. पण महाराष्ट्रात सर्वांत जास्त माणसांनी वर्गणी काढून उभं केलेलं, सर्वांत जास्त जपलेलं, ज्याच्यासाठी माणसांनी छातीवर गोळी घेतलेली शिल्पं ती हीच. सार्वजनिक कला म्हंजे काय हे आपल्याला कुणी शिकवू नये.

आता दाराचं बोलू. काळा घोड्याजवळच जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२पासून. गोदीतनं सुटलो की बॅलार्ड इस्टेटवरनं चालत जातो मी. तिथं तिकीट नाही. हे पुन्हा सांगतो, तिकीट नाही. भाईंदरवरनं चर्चगेट लोकल, पुढं चालत. एसीचा गारवाही फुकट. तरी आपली पोरं जात नाहीत. बाहेरनं बघून परततात. काचेचं दार पाटीशिवाय बरंच काही सांगतं. दुसऱ्या एका गॅलरीत, नाव घेत नाही, वॉचमननं मला विचारलं, 'डिलिव्हरी का?' मी म्हटलं, 'नाही, बघायला आलोय.' तो वॉचमन आपल्यासारखाच, बारा तास त्या चित्रांसमोर उभा. मी त्याला विचारलं, तुला ह्यातलं कुठलं आवडलं? तो म्हणाला, 'आजवर कुणी विचारलं नाय.' मग त्यानं कोपऱ्यातलं एक दाखवलं, नि का आवडलं ते सांगितलं. त्या दिवशी त्या खोलीत चित्राबद्दल सगळ्यात नेमकं तोच बोलला. बारा तास बघितलेलं असतं त्यानं.

म्हणून सांगतो, कला कळत नाय असं म्हणू नका. आपल्याला कळत नाही असं आपल्याला सांगण्यात आलंय. तसंच वेदांचं सांगितलं होतं, तसंच शाळेचं.

आता भिंत. माझा ठराव असा.

फ्लेक्स नको. पेंटरकडनं तयार छापाचं चित्रही नको. भिंतीवर आपल्या वस्तीच्या वस्तू काढायच्या नि काही खरोखरच्या लावायच्या. पॉलिशवाल्याचा फाटका हातमोजा. खाडीकाठच्या मिठागरात ज्यांनी राबून पाय फाडून घेतले, त्यांचं मीठ ओढायचं लाकडी फावडं. घरकाम करणाऱ्या मावशीची घासून झिजलेली काथ्याची घासणी. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाची थापी. माझ्याकडनं गोणीत रुतवायचा लोखंडी आकडा, माझ्या बापाच्या हातचा. प्रत्येक वस्तूखाली तिच्या माणसानं स्वतः लिहायचं. नाव, वय, रोजचे तास, मजुरी, नि ह्या कामानं अंगाचं काय झालं ते एका ओळीत. लिहिता येत नसेल त्यानं सांगावं, आपण त्याच्याच शब्दांत लिहू. शुद्धलेखन कुणी तपासायचं नाही. नाव द्यायचं नसेल, मालकाची भीती असेल, त्याचं नाव लिहायचं नाही. भिंतीपायी कुणाची रोजी जाता कामा नये.

मध्यभागी बाबासाहेब. पण त्यांच्या शेजारी पुढारी नको. त्यांनी १९४२ ते ४६ मजूर खातं सांभाळलं, कामाचे तास कमी केले. त्यांच्या शेजारी कामाची हत्यारंच शोभतात.

आणि सही. खालच्या कोपऱ्यात एकट्याची सही नको. चुना कालवणारा, शिडी धरणारा, चहा आणणारी, वस्तू देणारा, सगळ्यांची. जागा पुरली नाही तर भिंतीच्या दुसऱ्या अंगाला लिहू.

चुना नि शिडी माझ्याकडं लागली. ब्रश, जुनी वर्तमानपत्रं, डबे तुम्ही आणा. ह्या रविवारी सकाळी आठला भिंतीपाशी. ज्यांची पाळी आहे त्यांनी पाळी सुटल्यावर या, काम रात्रीपर्यंत चालेल. आणि त्याच्या आधी शनिवारी, सुट्टी असेल त्यांनी माझ्याबरोबर जहांगीरला चला. दहा जण तरी. आत जाऊ, तीन सवाल विचारू, नि बाहेर येऊन भांडू.

जयभीम.